शिवणीची उलट बाजू

गेल्या दिवाळीच्या आधी घरात झाडलोट चालली होती. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली आणि तिच्यातून डांबराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर आमची जुनी गोधडी बाहेर आली. माझ्या लहानपणी ती पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असे. जांभळ्या, हिरव्या, विटकरी लुगड्यांचे तुकडे, मधूनच आजोबांच्या धोतराची पांढरी पट्टी, आणि या सगळ्यावरून मुंग्यांच्या रांगेसारखा चाललेला धावदोरा. माझ्या सुनेने ती खिडकीच्या उजेडात उलगडून धरली आणि म्हणाली, "बाबा, ही अंथरायची वस्तू नव्हे. ही भिंतीवर लावायची."

चार दिवसांत गोधडी काचेच्या चौकटीत बसून दिवाणखान्यात आली. घरी येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे थबके आणि विचारी, "कुणी शिवली हो?" मी सांगे, "माझ्या आजीने." हे सांगताना माझा आवाज जरा चढत असावा. आजीने आयुष्यात शाळा पाहिली नव्हती. पण तिच्या हाती रंगांची ही जाण होती, असे दोन शब्दही मी वर जोडू लागलो होतो.

भाऊबीजेला आत्या आली. माझे वडील आता नाहीत, पण ती अजून येते; ओवाळायला भाऊ नसला तरी माहेर असते. ती चौकटीपुढे उभी राहिली, चष्मा पदराने पुसून पुन्हा लावला आणि माझे भाषण शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "कुणी सांगितलं तुला, आईनं शिवली म्हणून? आईची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. तिला सुई धरवत नव्हती. अरे, ती बाई यायची ना, सुगी संपली की. ओसरीवर बसून आठ-दहा दिवस शिवायची. दोन पायल्या जोंधळे आणि एखादं जुनं लुगडं द्यायचो आपण तिला."

"नाव काय तिचं?"

आत्या बराच वेळ आठवत राहिली. "गोधडीवाली," अखेर ती म्हणाली. "आम्ही तिला गोधडीवालीच म्हणायचो."

सणाचा दिवस होता. फराळाची ताटे आली, विषय बदलला. पण माझ्या मनात ती गोष्ट सलत राहिली. मी खोटे बोललो नव्हतो. मला तसेच वाटत आले होते. तरीही एका बाईच्या आठ-दहा दिवसांच्या मेहनतीवर मी माझ्या आजीचे नाव घातले होते, आणि आजीच्या नावाआडून थोडे माझेही.

असा सल घेऊन माणूस पुस्तके चाळू लागला की त्याला सगळीकडे आपलाच प्रश्न दिसू लागतो. आशियातल्या अलीकडच्या चित्रकारांविषयी मी थोडेफार वाचीत आलो आहे. त्यांच्यापैकी कितीतरी जण कुंचला बाजूला ठेवून, किंवा कुंचल्याच्या जोडीला, सुईदोरा हाती घेताना दिसतात. 'मी कोण?' हा प्रश्न विचारायला त्यांना कापड जवळचे वाटते. पूर्वी मी ती कामे रंगांसाठी पाहिली होती. आता त्यांच्यातले हात शोधू लागलो.

एक गोष्ट आपण सहज विसरतो. चित्रकाराचा कॅनव्हास हेही कापडच असते. कुणीतरी सूत कातलेले असते, कुणीतरी ते विणलेले असते. मग त्यावर रंगाचे लेप चढतात, कापड दिसेनासे होते आणि कोपऱ्यात एकच सही उरते. चित्र ही कला आणि विणणे-शिवणे ही कारागिरी, ही वाटणीही आपल्याकडे फार जुनी नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलची स्थापना १८५७ ची. अशा शाळांतून ती हळूहळू पक्की होत गेली. पण आयुष्य अशा वाटण्या मानीत नाही. आपले प्रभाकर बरवे जे. जे. मधून बाहेर पडले आणि १९६१ पासून विणकर सेवा केंद्रात नोकरी करू लागले. आधी बनारसला, मग मुंबईला. अर्पिता सिंग यांनीही उमेदीच्या काळात त्याच केंद्रात काम केले, आणि त्यांच्या चित्रांतली फुले, आकडे, माणसे बंगाली कांथ्यावरच्या टाक्यांसारखी दाटीवाटीने बसलेली दिसतात. पोटासाठी कापडाजवळ गेलेल्या चित्रकारांना कापडाने काहीतरी शिकवून सोडले, एवढे खरे.

दक्षिण कोरियात किमसूजा नावाच्या कलावतीच्या बाबतीत हे अगदी ठळकपणे घडले. त्यांचा जन्म १९५७ चा, शिक्षण चित्रकलेचे. १९८३ साली एके दिवशी त्या आईबरोबर घरात बसून पलंगपोस शिवीत होत्या. सुईचे टोक कापडात शिरण्याच्या त्या क्षणी त्यांना असे काही जाणवले की पुढे कुंचल्याची जागा सुईनेच घेतली. कोरियात नव्या जोडप्याला रंगीबेरंगी पलंगपोस देण्याची रीत आहे. त्यावर दीर्घायुष्याची, सुखाची, संततीची चिन्हे भरतात. माणूस त्यावर निजतो, त्यावर जन्मतो, त्यावरच आजारी पडतो. किमसूजा यांनी असे वापरलेले पलंगपोस गोळा केले आणि त्यांत जुने कपडे भरून गाठोडी बांधली. गाठोड्याला कोरियन शब्द आहे 'बोत्तारी', आणि बोत्तारी बांधणे म्हणजे घर सोडून निघणे, विशेषतः बाईने निघणे, असाही त्या भाषेत अर्थ होतो. आपण नाही का म्हणत, 'तिने चंबूगबाळे आवरले'? १९९७ साली त्यांनी अशी गाठोडी एका ट्रकवर रचली, स्वतः त्यांच्यावर जाऊन बसल्या, आणि आपण जिथे जिथे राहिलो त्या गावांतून अकरा दिवस हिंडल्या. २७२७ किलोमीटरांचा तो प्रवास. छायाचित्रात त्यांचा चेहरा दिसत नाही. दिसते ती पाठ, आणि तिच्या भोवती अनोळखी संसारांची गाठोडी.

पुढे त्या जगातल्या आठ शहरांच्या गर्दीत नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांत आपली दिल्लीही होती. कॅमेऱ्याकडे पाठ, हालचाल नाही. लोकांचा लोंढा दोन्ही बाजूंनी वाहतो आहे. त्या कामाचे नाव 'सुई-बाई' असे काहीसे आहे. सुई कापडातून जाते, दोन तुकडे जोडते आणि निघून जाते. मागे दोरा राहतो, सुई राहत नाही. आपणही तसे व्हावे, अशी ही साधना. २००३ साली त्यांनी आपले आडनाव आणि नाव जोडून एकच शब्द केला. तो ऐकून बाई की पुरुष, लग्नाची की बिनलग्नाची, काहीच कळू नये हा हेतू.

हे वाचून मला आधी फार हायसे वाटले. नाव गळून पडणे ही जर एवढी मोठी गोष्ट, तर आमची गोधडीवाली न मागताच त्या पदाला पोहोचली होती, असे म्हणता येईल. आपल्या परंपरेतही याला आधार सापडतो. अजिंठ्याच्या भिंती कुणी रंगवल्या, आपल्याला ठाऊक नाही; कैलास लेणे कोरणाऱ्या हातांची नावे कुणी सांगत नाही. मग एका गोधडीसाठी एवढे मनाला लावून का घ्या?

पण हे समाधान दोन दिवसही टिकले नाही. किमसूजा यांनी नाव सोडले ते नाव मिळाल्यावर. त्या नावाने संग्रहालयांची दारे उघडतात, पत्रे येतात, निमंत्रणे येतात. ज्याच्यापाशी आहे त्याने सोडले तर त्याला आपण त्याग म्हणतो. ज्याला कुणी दिलेच नाही, त्याच्या रित्या हाताला त्याग म्हणणे ही थट्टा आहे. उपवास आणि उपासमार यांत पोटाला फरक कळत नसेल, पण माणसाला कळतो. आपल्या संतांचेच पाहा ना. देहाचा, मानाचा लोभ सोडा असे सांगणाऱ्या त्या माणसांनीही अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले. जनाबाई दळणकांडण करणारी. पण तिचे नाव तिच्या अभंगात आहे म्हणून ती आपल्याला भेटते. ते नसते तर तिलाही आपण 'दळणारी' म्हणून मोकळे झालो असतो.

नाव हिरावले गेले की काय होते, हे इंडोनेशियाच्या एफ. एक्स. हारसोनो यांच्याकडून कळते. १९४९ साली जन्मलेल्या या चित्रकाराचे घराणे मुळचे चिनी. १९६६ नंतर त्या देशात चिनी वंशाच्या लोकांवर इंडोनेशियन नावे घेण्याची सक्ती आली. हारसोनो हे असेच घेतलेले नाव. २०११ साली त्यांनी एक काम केले. काचेमागे बसून ते कुंचल्याने आपले जुने चिनी नाव काचेवर लिहितात, पुन्हा लिहितात. वरून पाऊस पडू लागतो. शाई ओघळते, अक्षरे पुसली जातात, आणि हा माणूस लिहीतच राहतो. नाव ही मिरवायची वस्तू आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ते दृश्य एकदा पाहावे.

तरीही माझ्या प्रश्नाला एक दुसरी बाजू होती, आणि ती मी स्वतःशी प्रामाणिकपणे मांडून पाहिली. गोधडी भिंतीवर लावण्याजोगी आहे हे पाहणारी नजर माझ्या सुनेची. ती नजर नसती तर गोधडी ट्रंकेतच विरली असती. पाहणाऱ्याचा, योजणाऱ्याचा काही हक्क नाही का?

इटलीचे आलिघिएरो बोएत्ती आठवतात. १९७१ पासून १९९४ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी जगाचे नकाशे भरतकामात करवून घेतले. प्रत्येक देश त्याच्या झेंड्याच्या रंगात. भरतकाम अफगाण बायकांचे; आधी काबूलमध्ये, आणि १९७९ नंतर युद्धाने घरेदारे सोडावी लागल्यावर पेशावरच्या बाजूला निर्वासित म्हणून. एकदा एक नकाशा आला तो गुलाबी समुद्र घेऊन. त्या बायकांनी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि हाताशी गुलाबी दोरा भरपूर होता! बोएत्ती रागावले नाहीत, खूश झाले. नकाशांच्या कडांवर फारसी मजकूर भरण्याची मोकळीकही त्यांनी दिली होती. माणूस वाईट नव्हता. त्या बायकांना त्याने कामही दिले. पण आज ते नकाशे मोठमोठ्या किमतींना विकले जातात ते बोएत्तींच्या नावाने. ज्या बाईने समुद्र गुलाबी केला, तिचे नाव त्या चित्राखाली नसते. कल्पना बोएत्तींची होती हे मान्य. पण त्या नकाशातली सर्वांत सुंदर कल्पना कुणाची होती?

योजणाऱ्याचा हक्क असतोच. पण तो पहिला हक्क असेल, एकुलता एक नव्हे.

आणखी एक शंका मला छळीत होती. दुसऱ्याच्या दुःखाचे आपण सुंदर काही करतो, तेव्हा ते दुःख गोड होत नाही ना? फिलिपिन्सच्या पासिता आबाद या १९४६ साली जन्मलेल्या. मार्कोस यांच्या राजवटीविरुद्ध चळवळीत पडल्या आणि १९७० साली त्यांना देश सोडावा लागला. त्या थायलंडच्या सीमेवर कंबोडियन निर्वासितांच्या छावण्यांत गेल्या आणि तिथली माणसे रंगवली. पुढे नुसता सपाट कॅनव्हास त्यांना पुरेना. त्यांनी रंगवलेल्या कॅनव्हासला अस्तर लावले, मध्ये भरण घातले आणि वरून टाके मारले. जणू चित्राचीच गोधडी केली! त्यावर शिंपले, बटणे, मणी, आरशाचे तुकडे शिवले. परदेशात पोटासाठी गेलेल्या आशियाई माणसांची चित्रे त्यांनी अशी केली. १९९२ साली त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्यदेवीचा पुतळा रंगवला, तोही सावळ्या वर्णाचा, झगमगत्या कपड्यांतला. २००४ साली त्या गेल्या. मिनियापोलिसच्या वॉकर संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले ते २०२३ साली. शिवणारणीला चित्रकार म्हणायला जगाला वेळ लागतो. पण त्यांच्या रंगांत दुःख लपत नाही. छावणीतल्या किंवा परक्या गावातल्या माणसालाही नटावेसे वाटते, तोही सणाला नवे कपडे घालतो, हे सत्य त्या रंगांत आहे. दिवाळीला दारिद्र्यातही दारात पणती लावणाऱ्या आपल्या लोकांना ते वेगळे समजावून सांगायला नको.

याउलट पाकिस्तानच्या आयेशा खालिद सौंदर्याच्या पाठीमागे जाऊन पाहायला लावतात. त्या लघुचित्रांच्या परंपरेत शिकलेल्या. २०११ साली त्यांनी काश्मिरी शालीवर एक काम केले. समोरून पाहावे तर सोनेरी कोयऱ्यांची नक्षी. मागे जाऊन पाहावे तर टोकदार टाचण्यांचे रान. ती नक्षी दोऱ्याची नाही, शालीतून आरपार टोचलेल्या टाचण्यांची आहे. ही शाल खांद्यावर घेणाऱ्याचे काय होईल, याची कल्पना केली तरी अंगावर काटा येतो. काश्मीर या शब्दाबरोबर जी सुंदर चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात, त्यांचीही एक उलट बाजू आहे, हे कळायला एक पाऊल चालून मागे जावे लागते.

माझ्या गोधडीला मी काच लावली होती. तिच्या मागे जायला वाटच ठेवली नव्हती.

या सगळ्या वाचनात मला उत्तराच्या सर्वांत जवळ नेले ते मलेशियातल्या यी इ-लान यांनी. त्या सबाह प्रांतातल्या, १९७१ सालच्या. त्यांनी चटया विणून घेतल्या आणि चटयांवर चित्र काढवले ते टेबलाचे. टेबलाला मलय भाषेत 'मेजा' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांबरोबर तिकडे गेला. गोव्याचा माणूस त्याला लगेच ओळखील. मेज हे साहेबाचे, कचेरीचे, कागदपत्रांचे. त्याच्या एका बाजूला हुकूम देणारा बसतो आणि दुसऱ्या बाजूला माणूस उभा राहतो. चटईला अशा बाजू नसतात. तिच्यावर पाहुणा बसतो, बाळ निजते, भांडण मिटते. आपल्या पंगतीसारखीच ती. बसली की सगळे एका उंचीवर. चटईत मेज विणून टाकणे म्हणजे सत्तेला गुंडाळून काखेत मारणेच की!

पण मला त्याहून मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. या चटया विणणाऱ्या बायकांपैकी कित्येक जणी ओमादाल बेटावरच्या, समुद्रावर पिढ्यान् पिढ्या जगणाऱ्या बजाऊ लोकांतल्या. चटया पांडानच्या पानांच्या, म्हणजे आपल्या केवड्याच्याच जातीच्या. संग्रहालयात चटईशेजारी जी चिठ्ठी लागते, तिच्यावर यी इ-लान यांच्या नावाबरोबर विणणाऱ्या बायकांची नावे एकेक करून दिलेली असतात. त्यांतल्या कित्येक नावांआधी 'काक' लावतात. काक म्हणजे थोरली बहीण. आपण ताई म्हणतो तसे.

याने सगळे सुटले असे मी म्हणणार नाही. त्या समाजातल्या अनेकांपाशी कोणत्याच देशाचे नागरिकत्वाचे कागद नाहीत. चटई जगभर प्रवास करते, आणि ती विणणाऱ्या समाजातल्या माणसाला कुठल्या देशाचा म्हणावे हे ठरत नाही. चिठ्ठीवरच्या नावाने ते दुःख मिटत नाही. पण ज्यांचे नाव कुठल्याच सरकारी वहीत नाही, त्यांचे नाव निदान एका भिंतीवर नीट लिहिले गेले, आणि ते लिहिताना त्यांना ताई म्हटले गेले. सर्व अन्याय दूर करता येत नाही म्हणून हातातला अन्याय तसाच ठेवावा, हे काही शहाणपण नव्हे.

या वर्षी गणपतीत आत्याकडे गेलो होतो. तिच्या बोलण्यात पुन्हा गोधडीवालीचा विषय निघाला. की मीच काढला? नाव तिला अजूनही आठवत नव्हते. पण दुसरे काहीतरी आठवले. "तिच्याबरोबर एक मुलगी यायची रे. माझ्याएवढीच. आईला सुईत दोरा ओवून द्यायची. मला तिच्याशी खेळायचं असायचं, पण तिला उठायची परवानगी नव्हती. एकदा मी कंटाळून तिच्याशेजारी बसले, तर तिनं मला टाका शिकवला. एका कोपऱ्यात आम्ही दोघींनी मिळून शिवलंय थोडंसं. बघ असेल तर."

घरी येऊन मी सुनेला सगळे सांगितले. आम्ही दोघांनी मिळून चौकट उतरवली, मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला. गोधडी जमिनीवर पसरली आणि उलटी केली. उलट बाजू पाहण्याची ती माझी पहिलीच वेळ. दोरा संपला तिथे मारलेल्या गाठी, नव्या दोऱ्याची सुरुवात, एके ठिकाणी कापड विरल्यावर आतून लावलेले ठिगळ. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात टाका कुठे चुकलेला नव्हता. फक्त डाव्या कोपऱ्यात, वीतभर जागेत, टाके लहानमोठे, वेडेवाकडे पडले होते. त्यातले आत्याचे कोणते आणि त्या मुलीचे कोणते, हे सांगणे शक्य नव्हते.

सून बराच वेळ त्या कोपऱ्यावर बोट फिरवीत बसली. मग म्हणाली, "बाबा, पुन्हा चौकटीत नको घालायला."

गोधडी आता पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर असते. या दिवाळीला आत्या येईल तेव्हा तिलाच ती पांघरायला देणार आहोत. येणारे लोक अजून विचारतात, कुणी शिवली म्हणून. मी सांगतो, "आमच्या घरी सुगीनंतर एक बाई येत. त्यांनी आणि त्यांच्या मुलीने. नाव आम्ही कधी विचारले नाही."

हे वाक्य उच्चारताना आवाज चढत नाही. पण ते मी दर वेळी पुरे उच्चारतो.